मनोरा आणि सात नंबर

सासऱ्यांनी तिला पहिल्यांदा 'गवतबाई' म्हटलं ते जेवणाच्या टेबलावर, मीठ मागावं इतक्या सहजपणे. खरं तर मीठच मागत होते. "गवतबाई, मीठ सरकवा जरा." नवऱ्याने ताटातून मान वर केली नाही. तो दातांचा डॉक्टर होता. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावायचं आणि घरी आल्यावर स्वतःचं मिटून बसायचं, अशी त्याची रीत होती. सासूबाई मात्र म्हणाल्या, "अहो, तुम्ही काय जन्मभर हिऱ्यांचा व्यापार केलात?"

"मी गवत घडवलं," सासरे म्हणाले. "ही मोजते."

तिने मीठ सरकवलं. उत्तर तोंडाशी आलं होतं, पण सासऱ्यांना उत्तर दिलं की ते चष्मा काढून पुसायला घेत आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत पुसत राहत. त्यांच्यापुढे वाद घालून जिंकलेला माणूस अजून कुणी पाहिला नव्हता. हरलेलेसुद्धा फारसे नव्हते, कारण वाद घालण्याच्या लायकीचा माणूसच त्यांना सहसा सापडत नसे.

शहर संपतं तिथे वैरण संशोधन केंद्राची लांबट बैठी इमारत होती. पुढे बियाण्याची खोली, मागे वाळवणाची शेड, आणि त्याच्याही मागे वाफे. या केंद्राचे सासरे अनेक वर्षं प्रमुख होते. इथेच त्यांनी लसूणघासाचा 'मनोरा' हा वाण काढला. मनोरा छातीपर्यंत वाढे. व्हरांड्यात एक मोठा फोटो होता: तरुण सासरे मनोऱ्यात उभे, कमरेखालचा भाग हिरवळीत बुडालेला, चेहऱ्यावर भाव असा की फोटो काढणाऱ्यानेही निदान पँटला इस्त्री करून यायला हवं होतं. पुढे आजूबाजूच्या साऱ्या मुलखात मनोरा गेला. कुणीही केंद्रात येऊन विचारलं, "साहेब, गाईंसाठी काय पेरू?" की उत्तर ठरलेलं. चरायला? मनोरा. वाळवून ठेवायला? मनोरा. डोंगरउतारावर, पाणथळ जागी, मुरमाड माळावर? मनोरा, मनोरा, मनोरा. एकच गोळी सगळ्या दुखण्यांवर देणाऱ्या वैद्याला लोक भोंदू म्हणतात. केंद्राला लोक केंद्रच म्हणत राहिले.

ती तिथे नोकरीला लागली ती स्वतःच्या गुणांवर, पण हे फक्त तिला आणि निवड समितीला माहीत होतं. बाकी सगळ्यांना ती मोठ्या सरांची सून होती. यात सगळ्यांत पुढे आताचे संचालक. ते सासऱ्यांचे विद्यार्थी. गोल चेहरा, मऊ हात आणि समोरचा बोलायला लागण्याआधीच हलायला लागणारी मान. सासूबाईंनी त्यांचं नाव 'मानडोले' ठेवलं होतं. ते इतकं आडनावासारखं वाटे की एकदा टपालवाल्याने खरंच त्या नावाची चौकशी केली होती. वारा येईल तशी पाठ देत देत हा माणूस खुर्चीपर्यंत पोचला होता. त्याच्या नावावर एक वाण नव्हता, एक धड प्रयोग नव्हता. बीज हातात घेऊन ते कशाचं आहे हे सांगायची वेळ आली तर तो आधी इतरांच्या चेहऱ्याकडे बघे.

ते तिला ऑफिसात 'वहिनी' म्हणत.

"सर, इथे मला बाई म्हणा," तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

"अगदी बरोबर," मान डोलवत ते म्हणाले. "अगदी बरोबर, वहिनी."

तुलनेचा प्रयोग तिने मागून घेतला. दूधवाल्यांच्या तक्रारी येत होत्या. काहीजण जनावरं कुरणात सोडत, काहीजण कापून वाळवून गंजी घालत, आणि दोघंही म्हणत होते की मनोरा पहिल्या वर्षी झकास येतो आणि मग कुठे जातो कळत नाही. तिने आठ वाण घेतले. त्यांत मनोरा होता. एक क्लोव्हर नावाचं चाऱ्याचं पीक होतं, जमिनीलगत पसरणारं. त्याला शेतावरचे गडी 'लोळण' म्हणायला लागले. आणि एक होता परदेशातून आलेल्या बियाण्यातून इथेच निवडलेला मध्यम उंचीचा लसूणघास. त्याला नाव नव्हतं. सातव्या ओळीत पेरला म्हणून सात नंबर. दिसायला तो अगदीच सामान्य होता. त्याच्यासमोर फोटो काढावासा कुणाला वाटला नसता.

प्रत्येक वाणाचे वाफे दोन गटांत पाडले. अर्धे कापून वाळवायला, अर्ध्यांत कालवडी चरायला.

सासरे निवृत्त झाले तरी रोज सकाळी काठी घेऊन केंद्रात येत. त्यांना कुणी बोलावत नसे आणि कुणी अडवतही नसे. पेरणी उगवून वर आली तसे ते वाफ्यांच्या कडेने फिरले आणि लोळणापाशी थांबले.

"हे काय आहे?"

"क्लोव्हर, बाबा. चराईसाठी."

"पायपुसणं आहे." त्यांनी काठीच्या टोकाने एक वेल उचलला आणि सोडून दिला. "गवताने उभं राहावं. ज्याला उभं राहता येत नाही त्याची तुलना कशाला करायची?"

"गाय वाकूनच खाते."

त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. ती पुढच्या वाफ्याकडे निघून गेली. घरी सासूबाईंना तिने हे सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. "तू बरी," त्या म्हणाल्या. "मी अजून त्यांचा चष्मा पुसून होण्याची वाट बघतेय. लग्नाला चाळीस वर्षं होतील. तो मनोरा म्हणजे माझी सवत. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तिच्याकडे. सवत तरी कधीतरी म्हातारी होते, ही मेली दरवर्षी फुटते."

"दुसऱ्या वर्षी फुटत नाही असं लोक म्हणतात, आई."

"असं?" सासूबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंद म्हणणं बरोबर नाही, पण दुसरा शब्दही नाही.

पहिल्या कापणीत मनोऱ्याने सगळ्यांना मागे टाकलं. विळा फिरला की आडवी पडणारी रास बघूनच गडी म्हणाले, बाई, मोजायला काय उरलंय? हिरव्या वजनात तो सात नंबरच्या कितीतरी पुढे होता. ही बातमी तिच्या आधी घरी पोचली. त्या दिवशी सासरे जेवताना तिच्याशी अतिशय सौजन्याने बोलले, आणि तो अपमान तिला मिठाच्या वेळच्यापेक्षा जास्त लागला.

पण हिरवं वजन म्हणजे निम्मं पाणी, निम्म्याहूनही जास्त. तिने कापलेला चारा पसरवला, दाताळ्याने उलटवला, पुन्हा उलटवला. मनोऱ्याची पानं उन्हात कुरकुरीत होऊन उलटताना झडायला लागली. खाली जमिनीवर हिरवा चुरा आणि वर काड्या. सत्त्व सगळं पानात असतं. काडी म्हणजे निव्वळ पोट भरणं. मनोऱ्याची गंजी लावली तेव्हा ती गवताची कमी आणि झाडू विकणाऱ्याच्या दुकानासारखी जास्त दिसत होती. सात नंबरची काडी बारीक, पान घट्ट धरून ठेवणारी. वाळल्यावरही मूठभर घेतली तर हिरवा वास यायचा. लोळण वाळवण्याच्या कामाचं नव्हतंच. ते इतकं खाली होतं की विळ्याला सापडेना. पण कुरणात कालवडींनी ते हवं तसं तुडवलं, खाल्लं, आणि ते पुन्हा उभं, म्हणजे आडवं राहिलं.

कुरणात मनोऱ्याचं खरं दुखणं दिसलं. त्याचा बुडखा जमिनीच्या बराच वर असतो. फूट तिथूनच येते. कालवडींनी शेंडे खाल्ले, जाड काड्या तशाच सोडल्या आणि मग त्या कंटाळून बुडख्यालाच तोंड लावू लागल्या. दुसरं वर्ष उजाडलं तेव्हा मनोऱ्याच्या चराईच्या वाफ्यांत टक्कल पडलं होतं. कापणीच्या वाफ्यांत तो अजूनही ताठ उभा होता, जणू शेजारच्या भावंडांशी आपला काही संबंध नाही.

तिने हे आकडे घरी सासऱ्यांपुढे ठेवले. मुद्दाम घरी, कारण तिला वाटलं की चारचौघांत त्यांना ऐकवण्यापेक्षा हे बरं. त्यांनी ते वाचले. पूर्ण वाचले, हे तिने पाहिलं.

"कालवडी मूर्ख असतात," ते म्हणाले.

"ह्यांच्या मनाविरुद्ध जो जो खातो तो तो मूर्ख," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"मनोरा चरायला काढलाच नव्हता मी. कापून हिरवा घालायला काढला होता."

"मग केंद्र इतकी वर्षं सगळ्यांना चरायला का सांगतंय, बाबा?"

त्यांनी आकड्यांचे कागद मिटले. चष्म्याला हात लावला नाही. मग म्हणाले, "केंद्र म्हणजे कोण? तो मानडोले? तो मला विचारून शिंकतो आणि न विचारता छापतो." आणि उठून गेले. तिला त्या क्षणी कळलं की या माणसाने आपल्या वाणाबद्दल चुकीचं कधी सांगितलं नव्हतं. चुकीचं सांगणाऱ्यांना फक्त थांबवलं नव्हतं. थांबवणं त्यांना आपल्या पायरीखालचं वाटलं होतं. हे तिला जास्त वाईट वाटलं.

त्या हंगामात संचालकांनी पाहणी दिवस ठरवला. वरच्या खात्यातला बडा अधिकारी येणार होता, दूधसंघाची माणसं येणार होती, फोटोग्राफर येणार होता. संचालकांच्या टेबलावर नव्या माहितीपत्रकाचा नमुना होता आणि त्यावर मनोरा.

"वहिनी, कालवडी मनोऱ्यात चरताना एक फोटो हवा. छातीपर्यंत हिरवळ आणि त्यातून वर आलेली तोंडं. काय दिसेल."

"सर, मनोरा चराईला चालत नाही. दोन वर्षांचं काम आहे माझं."

"अगदी बरोबर. पण फोटोत दुसरं वर्ष दिसत नाही ना."

तिला हसू आलं नाही. "कापणीच्या वाफ्यातली कोवळी फूट आहे सध्या. उपाशी जनावर त्यात सोडलं तर पोट फुगेल. सोडायचंच असेल तर आधी वाळली वैरण पोटभर घाला, दंव उडू द्या, मग थोडाच वेळ सोडा. मी स्वतः थांबेन."

"अगदी, अगदी," संचालक म्हणाले. मान इतकी हलत होती की तिला खात्री वाटली, यांनी एकही शब्द ऐकलेला नाही.

खात्री खरी ठरली. पाहणीच्या सकाळी ती केंद्रात पोचली तेव्हा फाटकाशी गाड्या उभ्या होत्या. बडा अधिकारी ठरल्यापेक्षा लवकर आला होता, फोटोग्राफरला कोवळं ऊन हवं होतं, आणि संचालकांनी गोठ्यातून कालवडी थेट मनोऱ्यात सोडल्या होत्या. रात्रभर उपाशी. पानांवर दंव तसंच चमकत होतं. कालवडी हावरटासारख्या ओरबाडत होत्या आणि पाहुणे "वा, वा" म्हणत होते. सासरे कडेला काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते आणि त्यांचा चेहरा फोटोतल्यासारखाच होता.

"बाहेर काढा त्यांना," ती गड्यांना म्हणाली. "आत्ता."

"वहिनी, एक मिनिट, साहेबांचा फोटो..."

ती त्यांना ओलांडून गेली. गडी आणि ती मिळून कालवडी बाहेर काढेपर्यंत दोघींची डावी कूस वर यायला लागली होती. एकीने मान पुढे ताणली, जीभ बाहेर काढली. तांबड्या कालवडीची कूस तर पाठीच्याही वर आली. बोटाने वाजवली तर ढोलासारखी वाजली असती.

आणि तिला एक गोष्ट जाणवली, जी तिने पुढे कुणालाही सांगितली नाही. कालवड फुगताना दिसली, मनोऱ्यात फुगताना दिसली, सगळ्या पाहुण्यांदेखत, तेव्हा एका श्वासापुरतं तिला बरं वाटलं होतं. एकाच श्वासापुरतं. मग तिने कालवडीचे डोळे पाहिले आणि तिला स्वतःचीच किळस आली.

जनावरांची डॉक्टरीण शेजारच्या दवाखान्यातून धावत आली. जाड बांध्याची, कमी बोलणारी बाई. तिने पहिल्या कालवडीच्या घशात नळी घातली, तेल ओतलं, तिचे पुढचे पाय चढावर करून उभं केलं. ती कालवड ढेकर देत देत सावरली. तांबडीसाठी तिने पिशवीतून टोकदार नळी काढली आणि डाव्या कुशीत खुपसली. आत हवा नव्हती, फेस होता. हवा सुटते, फेस सुटत नाही. तांबडी गुडघ्यांवर आली, मग आडवी झाली. डॉक्टरीण शेवटपर्यंत तिच्याजवळ बसून होती. मग उठून हात पुसत तिने विचारलं, "उपाशी जनावरं दंवात कुणी सोडली?"

फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या पिशवीची चेन लावत होता.

"मला नाव नको," डॉक्टरीण म्हणाली. "तेवढं डोकं नसलेला एकच माणूस इथे असेल, तर तुम्हीच ओळखा."

दुपारी संचालकांच्या खोलीत बैठक झाली. बडा अधिकारी खुर्चीत, संचालक त्याच्या बाजूला, ती समोर. सासरे खिडकीपाशी उभे. त्यांना बसायला सांगितलं होतं, ते बसले नव्हते. बडा अधिकारी चिडला होता, कारण उद्याच्या बातमीत त्याच्या नावाशेजारी मेलेली कालवड येणार होती.

संचालकांची मान आता दुसऱ्या दिशेने हलत होती. "साहेब, हा वाणच घातक आहे," ते म्हणाले. "मला पहिल्यापासून शंका होती. आमच्या वहिनींचे दोन वर्षांचे आकडे आहेत, सगळे मनोऱ्याच्या विरुद्ध. जुना वाण, जुन्या काळातला. आम्ही तो आजपासून बंद करतो. माहितीपत्रकातून काढतो. व्हरांड्यातला तो फोटोही..." इथे त्यांनी खिडकीकडे न बघण्याची काळजी घेतली. "वहिनी, तुम्ही सांगा ना साहेबांना."

खोलीतले सगळे तिच्याकडे बघत होते, खिडकीपाशी उभा असलेला माणूस सोडून. तो बाहेर बघत होता. चाळीस वर्षांचं काम त्याच्या पाठीमागे मोडीत निघत होतं आणि पाठ हलत नव्हती.

"हे आकडे माझे आहेत," ती म्हणाली, "म्हणून मीच सांगते. मनोरा चरायला नालायक आहे. वाळवायला वाईट आहे. हे मी लिहिलंय आणि त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण आजची कालवड मनोऱ्याने मारली नाही. कोवळ्या, ओल्या लसूणघासात उपाशी जनावर सोडलं तर कोणताही वाण मारतो. सात नंबर असता तरी हेच झालं असतं. कदाचित लवकर झालं असतं, कारण तो जास्त कोवळा आहे आणि त्या जास्त खातात. मी यांना ते आधी सांगितलं होतं. यांनी मान डोलवली होती."

"वहिनी, ते..."

"आणि मला बाई म्हणा," ती म्हणाली. "हे तिसऱ्यांदा सांगतेय."

बड्या अधिकाऱ्याने संचालकांकडे बघितलं. संचालकांनी त्याच्याकडे बघितलं आणि मान डोलवली. सवय, दुसरं काय.

मनोरा बंद झाला नाही. तिच्या अहवालात तो कापून हिरवा घालण्यासाठी, ओलिताखालच्या जमिनीत, दोन वर्षांपुरता राहिला. चराईला लोळण. चराई आणि वाळवण दोन्ही करणाऱ्यांसाठी सात नंबर. संचालकांनी तो वाचला की नाही देव जाणे, पण सही केली. ते कशावरही सही करत.

घरी जाताना सासरे तिच्याबरोबर चालत होते. रोज ते एकटे, पुढे जात.

"तू मला वाचवायला गेलीस असं समजू नकोस," शेवटी ते म्हणाले.

"तुम्हाला नाही वाचवलं."

"मग?"

"तुमचा वाण वाईट आहे तेवढाच वाईट असू दे, त्याच्यापेक्षा जास्त नको, एवढंच."

ते थांबले. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तो माझा विद्यार्थी," ते म्हणाले. "मी शिकवलंय त्याला. वर्गात सगळ्यांत जास्त मान तोच डोलवायचा. मला वाटायचं, याला समजतंय." तिला वाटलं, आपण कुणाबद्दल तरी चुकलो हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कबूल केलं असावं, आणि तेही असं की त्यात तुच्छता मानडोल्यांच्या वाट्याला तेवढीच आली, जेवढी त्यांच्या स्वतःच्या वाट्याला.

पुढच्या कापणीला ते वाळवणाच्या शेडसमोरच्या मोकळ्या जागेत आले. ऊन डोक्यावर होतं आणि ती गड्यांबरोबर दाताळ्याने पसरलेला चारा उलटत होती.

"ही काय उलटायची वेळ झाली?"

"का, बाबा?"

"भर दुपारी उलटून पानं झडली म्हणून वाणाच्या नावाने ओरडायचं. सकाळी, किंचित ओलसर असताना उलटायचं असतं. तेव्हा पान काडीला धरून राहतं. शिकवलं नाही कुणी?"

"सगळे वाण दुपारीच उलटले. तुलना सारखीच आहे."

"सारखीच आहे. सारखीच चुकीची आहे." त्यांनी काठी भिंतीला टेकवली, एका गड्याच्या हातातलं दाताळं घेतलं आणि बघितलं. "हे दाताळं आहे की केस विंचरायची फणी?"

तिला राग आला. तो ती दाताळ्यावर काढत राहिली. मग संध्याकाळी घरी तिने दोन तास विचार केला आणि तिला हे मान्य करावं लागलं की म्हाताऱ्याच्या बोलण्यात तथ्य होतं. सगळे वाण सारखे वागवले, पण सारखे वाईट वागवले. ज्याचं पान सैल धरलेलं असतं त्याला ती वागणूक जास्त महागात पडते. पुढच्या हंगामात तिने प्रत्येक वाणाचे आणखी दोन भाग केले, एक सकाळी उलटायचा, एक दुपारी. सकाळचे वाफे सासऱ्यांनी स्वतः घेतले. ते रोज उजाडताना येत, गड्यांवर खेकसत, तिच्या दोरीच्या गाठींना नावं ठेवत. मनोऱ्याच्या ओळीशी आले की गप्प होत आणि हात हळू चालवत.

आकडे आले. सकाळी उलटलेल्या मनोऱ्याने पानं बरीच जास्त टिकवली. त्याची गंजी आता गवतासारखी दिसत होती. तरीही सात नंबर त्याच्या पुढेच होता, दोन्ही वेळांना.

ती ते आकडे घेऊन सासऱ्यांच्या खोलीत गेली. त्यांनी पाहिले आणि परत दिले.

"हरला," ते म्हणाले. "पण आता नीट हरला. आधी तू त्याला वाईट मोजलं होतंस."

"हो. आधी वाईट मोजलं होतं."

"ते लिही. तुझ्या अहवालात. आधीची पद्धत बरोबर नव्हती असं."

"लिहिते."

"आणि त्या सात नंबरला नाव देऊ नका. नाव दिलं की लोक त्याला हार घालतात आणि मग विचारणं बंद करतात."

ती दाराशी पोचली तेव्हा मागून आवाज आला. "गवतबाई."

ती वळली. त्यांनी चष्मा काढला होता, पण हातात रुमाल नव्हता. नुसते डोळे चोळत होते. "लोळण," ते म्हणाले. "त्याच्यावर पुढच्या वर्षी काय करणार आहेस? त्याच्यात काहीतरी उभं मिसळायला हवं. नुसतं आडवं पीक शेताला बरं दिसत नाही."

"दिसण्यासाठी?"

"गाईंसाठी," ते तुसडेपणाने म्हणाले. "दिसण्यासाठी गाढवं काम करतात."

त्याच महिन्यात मानडोल्यांना बढती मिळाली आणि ते वरच्या खात्यात गेले. निरोपाच्या दिवशी ते तिच्याकडे आले, दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, तुमच्यासारख्या कर्तबगार लोकांमुळेच हे झालं."

"अगदी बरोबर," ती म्हणाली. मान मात्र तिने हलवली नाही.

संध्याकाळी तिने ही बातमी घरी दिली. सासूबाई भांडी आवरत होत्या. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "तिथे मान हलवायला जागा जास्त असते." सासऱ्यांपुढे कागद पसरलेला होता आणि त्यावर ते दोन ओळी आखत होते, एक लोळणाची, एक सात नंबरची, एकाआड एक. तिने शेजारची खुर्ची ओढली. "अंतर कमी आहे," ती म्हणाली. त्यांनी पेन्सिल तिच्याकडे सरकवली.